कॉर्डोबाचा काझी

रोह्याच्या शाळेत आरोन सामाजी अष्टमकर यांनी उभी हयात इंग्रजी शिकवलं. मुलांना मात्र आठवत राहिलं ते त्यांनी तासाच्या शेवटी पुस्तक मिटून सांगितलेलं. कमळाकर गावंड हा त्यांचा विद्यार्थी. त्याचं घर मूळचं धरमतरच्या खाडीकडचं. बाप मिठागरात काम करायचा. एका वर्षी उधाणाला बांध फुटला, मिठागरं पाण्याखाली गेली, तेव्हा बाप धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला लागला आणि बिऱ्हाड रोह्याला आलं. वर्गात तोंड न उघडणाऱ्या या मुलाला सरांनी हेरलं आणि पुस्तकं वाचायला आपल्या घरी बोलावलं. तेव्हापासून त्या घरचा त्याचा राबता तुटला नाही.

घर कुंडलिका नदीपलीकडे, अष्टमीत. आरोनसर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांच्या लहानपणी अष्टमीत त्यांच्या समाजाची बरीच घरं होती. एकेक करून माणसं इस्रायलला गेली. सर आणि त्यांची बायको एस्थर तेवढी मागं राहिली होती. मुलगी शीरा तिकडून दर फोनला या म्हणायची. सर म्हणायचे, "बघू गो. या वर्षीचा भात तरी येऊ दे."

कमळाकर तत्त्वज्ञानात एम. ए. झाला आणि पेणच्या एका कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागला. काही वर्षांनी मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञानाचा पेपर त्याच्या वाट्याला आला, तेव्हा तो पहिल्याच रविवारी अष्टमीला गेला. पाठ्यपुस्तकात लॅटिन नावांची ही गर्दी, आणि समोरची मुलं पेण तालुक्यातल्या खेड्यांतली. शिकवायचं कसं?

"नावं सोड," सर म्हणाले. ते तरुणपणी मुंबईला पाद्र्यांच्या कॉलेजात शिकले होते आणि हा विषय त्यांच्या जिवाचा होता. "माणसाचं गाव सांग, धंदा सांग. मग कोण विसरत नाय."

आणि त्यांनी ती सगळी गोष्ट ओटीवर बसून सांगितली. अथेन्सचा एक गुरू होता. देव, जग, माणूस, जनावरं, सगळ्याचा त्यानं तर्कानं विचार करून ठेवला होता, आणि तोही येशूच्या तीनशे वर्षं आधी. त्याची पुस्तकं पश्चिमेकडे बहुतेक हरवली. पूर्वेकडे मात्र ती अरबीत गेली, बगदादला वाचली गेली आणि फिरत फिरत स्पेनमध्ये कॉर्डोबाला पोचली. तिथं एक काझी होता. दिवसा लोकांचे तंटे सोडवायचा आणि उरलेल्या वेळात त्या गुरूची ओळ न् ओळ उलगडून लिहायचा. त्याच शहरात एक ज्यू मुलगा जन्मला, काझीपेक्षा थोडा लहान. तो पुढे कैरोला जाऊन नामांकित वैद्य झाला. त्यालाही काझीसारखाच प्रश्न पडला होता. धर्मग्रंथ म्हणतो जग देवानं निर्माण केलं, गुरू म्हणतो जग पहिल्यापासून आहेच. दोघांनाही मानणाऱ्या माणसानं करायचं काय? या दोघांचं लिहिणं लॅटिनमध्ये उतरलं आणि पॅरिसच्या एका ख्रिस्ती साधूच्या हाती लागलं.

"हा साधू जाडजूड होता आणि फार बोलायचा नाय," सर म्हणाले. "मोठमोठे धर्मगुरू म्हणत होते, हे ग्रीक खूळ बंद करा. हा म्हणाला, बुद्धीही देवानंच दिली आणि धर्मग्रंथही त्यानंच दिला. मग त्या दोघांचं भांडण खरं कसं असेल? भांडण दिसतंय तिथं आपलंच वाचन कुठंतरी चुकतंय. जगाला सुरुवात आहे की नाही हे तर्कानं ठरतच नाय, ते श्रद्धेवर सोडा. यातलं बरंच त्यानं वैद्याकडून घेतलं. काझीशी तर तो कडकडून भांडला. पण लिहिताना त्याला 'भाष्यकार' म्हणायचा, जसा काय जगात दुसरा भाष्यकारच नाय. आणि वैद्याला 'रब्बी'. लपवलं नाय कुणाला."

"आणि मधे हे दोघं नसते तर?" कमळाकरनं विचारलं.

"काही पुस्तकं पुढं थेट ग्रीकमधूनही आली म्हणा. तर्कशास्त्राची एक-दोन चोपडी मठांतही पडून होती. पण समजावून सांगणारं माणूस नसलं तर पुस्तक असून काय?"

कमळाकरनं वर्गात हे सारं तसंच सांगितलं. मुलं ऐकू लागली. कॉर्डोबाच्या काझीवर आला की तो स्वतःच रंगून जायचा, घंटा झालेली कळायची नाही. तिसऱ्या बाकावर नसीम मुकादम नावाची मुलगी बसायची. पेणच्याच मोहल्ल्यातली, घरात कॉलेजपर्यंत आलेली पहिली. एरवी ती मान खाली घालून लिहीत असायची. काझीच्या तासाला तिनं पेन खाली ठेवलं होतं.

पेणला दरवर्षी थंडीच्या शेवटाला व्याख्यानमाला व्हायची. वक्ते पुण्यामुंबईचे यायचे. त्र्याण्णव साली एका वक्त्याचं येणं रद्द झालं आणि व्याख्यानमालेच्या मंडळाचे चिटणीस गुणाजीराव कॉलेजात येऊन कमळाकरला म्हणाले, "सर, या वर्षी आपल्या गावचा माणूस उभा करू. विषय तुमचा तुम्ही ठरवा."

विषय ठरला, 'श्रद्धा आणि तर्क: मध्ययुगातला एक समेट'. चौकातल्या फळ्यावर रंगीत खडूनं त्याचं नाव लागलं. त्याची बायको प्रतिक्षा मुद्दाम त्या रस्त्यानं भाजी आणायला गेली. कमळाकरनं अष्टमीला निरोप दिला. आरोनसर म्हणाले, "येतो. एस्थरलाही आणतो. कधी नाय ती पेणला निघेल."

ते दिवस वाईट होते. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई पेटली होती. तिथले नातेवाईक पोरंबाळं घेऊन गावी आले होते आणि जो तो आपापलं ऐकलेलं सांगत होता. पेणमध्ये काही झालं नाही. पण बोलणं बदललं होतं. चहाच्या टपरीवर कुणी आलं की आधी तो कोण ते बघून मग पुढचं वाक्य बोललं जायचं.

व्याख्यानाच्या दुपारी गुणाजीरावांनी त्याला आपल्या गणपतीच्या कारखान्यात बोलावलं. गुणाजीराव साठीचे, मऊ बोलणारे गृहस्थ. गावात कुणाच्या घरी आजारपण असलं की आधी पोचणाऱ्यांतले. हातावरचा रंग पुसत त्यांनी स्टूल पुढं केलं.

"काय काय सांगणार तुम्ही?"

कमळाकरनं थोडक्यात सांगितलं. काझीपाशी आल्यावर गुणाजीरावांचा हात थांबला.

"हा काझी म्हणजे मुसलमान?"

"हो."

"बरं." त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "सर, माझं काही म्हणणं नाही. पण आत्ताच कशाला? पुढच्या रांगेत काही मंडळी असतात, तुम्हाला माहीत आहेत. कुणी उठून काही बोललं, तर तुमचं पहिलंच व्याख्यान नासायचं. तुम्ही ग्रीसमधून सरळ पॅरिसला या ना. मधला प्रवास कुणाला ठाऊक आहे?"

"आणि त्याच गावचा तो ज्यू वैद्य?"

"वैद्याला आणलंत की तो कुठून शिकला ते आलंच." गुणाजीराव ओशाळं हसले. "माझा आग्रह नाही. तुम्हाला पटेल तसं करा."

"बघतो," कमळाकर म्हणाला.

घरी जाताना तो स्वतःला सांगत होता की आपण काही कबूल केलेलं नाही.

हॉल भरला होता. मागं माणसं उभी होती. कॉलेजची मुलं एका बाजूला बसली होती, त्यात नसीमही होती, मैत्रिणीबरोबर. दुसऱ्या रांगेच्या टोकाला आरोनसर, डोक्यावर त्यांची नेहमीची काळी टोपी, शेजारी एस्थरबाई ठेवणीतल्या साडीत. कमळाकर सुरुवातीला अडखळला, मग त्याला सूर सापडला. अथेन्सच्या गुरूची ओळख त्यानं इतकी सोपी करून दिली की पुढच्या रांगेतला एक जण मान डोलवू लागला. त्या मान डोलवण्यानं कमळाकरला बरं वाटलं. पुढचं वाक्य बगदादचं होतं. ते त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला,

"आणि काळाच्या ओघात हे ग्रीक ज्ञान पॅरिसला येऊन पोचलं."

कुणाला काही कळलं नाही. गाडी रुळावरून न उतरता पुढं गेली. साधू आला, त्याच्यावर रागावलेले धर्मगुरू आले. जगाच्या सुरुवातीबद्दलचा युक्तिवाद आला, आणि तो जणू साधूला एकट्याला मठाच्या खोलीत सुचला होता. बुद्धी आणि श्रद्धा एकाच हातून आलेल्या आहेत, हे वाक्य त्यानं आवाज चढवून म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या.

शेवटी प्रश्नांना वेळ होता. मफलर गुंडाळलेले एक पेन्शनर उभे राहिले. ते प्रत्येक व्याख्यानाला यायचे.

"सर, फार छान. एक शंका. तुमचा तो गुरू आणि हा साधू, दोघांच्या मधे दीड हजार वर्षं जातात. तेवढी वर्षं ही पुस्तकं होती कुठं?"

प्रश्न सरळ होता. विचारणाऱ्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. गुणाजीराव बाजूच्या खुर्चीवर हलले. कमळाकरला पुढची रांग दिसत होती, आणि तिच्यामागं काळी टोपी.

"मठांमध्ये," तो म्हणाला. "ख्रिस्ती साधूंनी ती जपून ठेवली होती."

"असं होय," म्हणून पेन्शनर समाधानानं खाली बसले.

कमळाकरनं दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. आरोनसर त्याच्याकडे बघत नव्हते. ते आपल्या गुडघ्यावरच्या हाताकडे बघत होते.

शाल-श्रीफळ झालं. माणसं भोवती जमली. गर्दीतून वाट काढत आरोनसर आले, त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आवाज छान लागला होता."

एवढंच. एस्थरबाई म्हणाल्या, "चला, गाडी जाईल." एरवी कमळाकर त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला गेला असता. पण गुणाजीरावांकडे जेवण होतं. जेवणाचं निमित्त आहे याचंच त्याला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची त्या क्षणीच लाज वाटली. दोघं म्हातारी माणसं हॉलच्या पायऱ्या सावकाश उतरून जाताना त्यानं पाहिली आणि तोंड फिरवलं.

घरी प्रतिक्षानं शालीची घडी घातली. "सगळे नावाजत होते," ती म्हणाली. "तुमचा चेहरा का असा?"

"थकलो," तो म्हणाला.

मनाशी तो एकच गोष्ट घोळवत होता. तर्कशास्त्राची एक-दोन चोपडी मठांत होती. सर स्वतःच म्हणाले होते. म्हणजे आपण बोललो ते अगदीच खोटं नाही. हे त्यानं पुन्हा पुन्हा घोळवलं. एखादी गोष्ट खरी असेल तर ती इतक्यांदा घोळवावी लागत नाही, हेही त्याला कळत होतं.

सोमवारी तिसऱ्या वर्षाचा तास होता. हजेरी झाली आणि नसीमनं हात वर केला. ती वर्गात प्रश्न विचारत नसे, म्हणून सगळ्यांनी मान वळवली.

"सर, परीक्षेत काझी लिहायचा की नाही?"

"लिहायचा. का?"

"नाही, परवा तुम्ही सांगितलं पुस्तकं मठांत होती. वहीत वेगळं आहे. म्हणून विचारलं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. परीक्षा जवळ आली होती आणि तिला खरंच विचारायचं होतं. तेच कमळाकरला सोसलं नाही.

"ते सर्वसामान्य श्रोत्यांसाठी होतं," तो म्हणाला. "तिथं सगळं सांगता येत नाही. परीक्षेत वहीतलं लिहा."

नसीमनं वहीचं मागचं पान उलटलं. मागच्याच आठवड्यात त्यानं त्यांना शिकवलं होतं की पॅरिसमधल्या काही मास्तरांवर एक आरोप होता. एक गोष्ट धर्मात खरी आणि तिच्या उलटी तत्त्वज्ञानात खरी, असं ते म्हणतात म्हणून. साधूला याची चीड होती. खरं दोन ठिकाणी दोन असत नाही, असं फळ्यावर लिहून कमळाकरनं त्याखाली रेघ ओढली होती.

"म्हणजे सर, उत्तरं दोन आहेत?" तिनं विचारलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला रागावता आलं असतं. तो फळ्याकडे वळला, हातात खडू घेतला आणि काय लिहायचं ते न सुचून तारीख लिहिली.

त्यानंतर तो बरेच रविवार अष्टमीला गेला नाही. एकदा ताप आला होता, एकदा पेपर तपासायचे होते. मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि पुन्हा सगळं वातावरण गढूळ झालं, तेव्हा त्याच्या मनात आलं की आपण त्या दिवशी बोललो नाही ते शहाणपणाचंच झालं. हे मनात आलं त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. मग रोह्याहून बापाचा निरोप आला, "तुझा सर चाललाय म्हणतात इस्रायलला. घर काढलंय विकायला. तुला म्हायत हाय का?"

त्याला माहीत नव्हतं. सरांनी कळवलं नव्हतं.

तो दुसऱ्याच दिवशी गेला. ओटीवर पितळी भांडी मांडून ठेवली होती, कुणी घेणारा बघायला येणार होता. एस्थरबाईंनी त्याला पाहिलं आणि आत वळून म्हणाल्या, "तुमचा कमळाकर आलाय."

आरोनसर खुर्चीत बसले होते. भिंतीतल्या कपाटातली पुस्तकं खाली आली होती. "शीरानं तिकिटं काढलीत," ते म्हणाले. "मे महिन्यात. इथं प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमून वर्षं झाली. कुणी मेलं तर माती द्यायला मुंबईहून माणसं बोलवायची. कंटाळा आला."

कमळाकर उभाच राहिला. वाटेत एसटीत त्यानं वाक्यं जुळवून ठेवली होती. ती त्यानं सोडून दिली.

"सर, मी त्या दिवशी खोटं बोललो."

"हो."

"दुपारी मला सांगितलं होतं, आत्ता नको म्हणून. पण कुणी बळजबरी केली नव्हती. मीच घाबरलो."

"बस," सर म्हणाले. तो बसला. बाहेर भांड्यांचा आवाज होत होता.

"त्या पेन्शनर माणसानं विचारलं ना, पुस्तकं होती कुठं," सर बोलू लागले. "उत्तर मला ठाऊक होतं. त्या हॉलमध्ये तुझ्याइतकंच मला ठाऊक होतं. हात वर करणार होतो. उचललाही होता जरासा, एस्थरला विचार. मग मनात आलं, हा टोपीवाला म्हातारा मधेच उठून काझीचं नाव घेतो म्हटल्यावर लोक मला काय समजतील? ज्यू कोण आणि मुसलमान कोण, हे या दिवसांत कोण विचारतो? आमच्या प्रार्थनाघराला, सिनेगॉगला, माझी आजी मशीदच म्हणायची, कोकणात आमच्यात तसंच म्हणत. ते तिथं समजावत बसू? म्हणून हात खाली ठेवला. तुझ्यावर रागवायला तोंड कुठंय मला? म्हणून निरोप धाडला नाय."

कमळाकर रागावून घ्यायला आला होता. आपल्या एका वाक्यानं या माणसालाही आपल्याबरोबर खाली ओढलं, एवढंच त्याला दिसलं. त्यानं हळूहळू वर्गातलंही सांगितलं, नसीमचा प्रश्न, आपलं उत्तर, फळ्यावर लिहिलेली तारीख.

एस्थरबाई दारात येऊन ऐकत होत्या. "मग त्या पोरीला नंतर काय सांगितलंस?"

"काही नाही."

"इथं येऊन आम्हाला सांगतोस. आम्हाला तर म्हायतच होतं." त्या पुन्हा भांड्यांकडे गेल्या.

परीक्षेच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास त्या आठवड्यात होता. कमळाकर वर्गात गेला आणि खुर्चीत बसता बसताच म्हणाला, "व्याख्यानात मी जे पुस्तकांबद्दल सांगितलं ते खोटं होतं. मला खरं माहीत होतं. मी भीतीनं बोललो नाही. आणि नंतर नसीमनं विचारलं तेव्हा तिलाही टाळलं. उत्तर एकच आहे. वहीतलं."

कुणीतरी बाकाखाली पाय हलवले. मग त्यानं उजळणी घेतली आणि तास संपला.

दाराबाहेर नसीम थांबली होती. दप्तर छातीशी धरलेलं, नजर त्याच्या बुटांवर.

"सर, तुम्ही सांगितलंत ते बरं वाटलं," ती म्हणाली. "पण वर्गातल्यांना आधीच माहीत होतं. तिथल्या लोकांना नव्हतं. माझे मामा आले होते त्या दिवशी ऐकायला. मीच घेऊन आले होते, काझीचं ऐका म्हणून."

तिनं सलाम केल्यासारखी मान लववली आणि ती मैत्रिणींच्या मागं गेली. कमळाकरला तिचे मामा आठवेनात. हॉलमध्ये मागं उभ्या असलेल्यांत कुठंतरी असतील.

तो गुणाजीरावांकडे गेला. ऐकून घेतल्यावर गुणाजीराव अवघडले. "सर, आता कुणाला आठवतंय? लोक विसरून गेले."

"मी विसरलो नाही."

"माझ्यामुळं झालं, असं वाटतंय का तुम्हाला?"

"नाही. तुम्ही विचारलं होतंत. नाही म्हणणं माझ्या हातात होतं."

गुणाजीरावांनी खूप वेळ ब्रश पाण्यात खळबळवला. मग म्हणाले, "एप्रिलात मंडळाची वार्षिक सभा आहे. तिथं बोला. जास्त माणसं नसतात."

माणसं खरंच नव्हती. तोच हॉल, पण पंखे दोनच चालू आणि खुर्च्या निम्म्या एकावर एक रचलेल्या. अहवाल वाचून झाला. कमळाकर उभा राहिला. त्यानं बगदाद सांगितलं, कॉर्डोबा सांगितलं, तंटे सोडवणारा काझी आणि कैरोचा ज्यू वैद्य सांगितला. पॅरिसच्या साधूनं त्यांच्याशी वाद घालतानाही त्यांना मानानं कसं बोलावलं तेही सांगितलं. "हे मला त्या दिवशीही माहीत होतं," तो म्हणाला. "मी मुद्दाम सोडलं. विचारल्यावर खोटं सांगितलं. त्याची माफी मागायला उभा आहे." आवाज लागला नव्हता. वाक्यं मधेच तुटत होती.

पुढच्या रांगेतला एक जण खुर्ची सरकवून उठला आणि बाहेर गेला. विडी ओढायला गेला की रागावून, ते कुणालाच कळलं नाही. बाकीचे बसून होते. एकानं चहाचं काय झालं म्हणून मागं वळून पाहिलं.

मफलरवाले पेन्शनर होते. आता मफलर नव्हता.

"तरीच," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं, दीड हजार वर्षं मठांत कशी राहतील. पण सर, त्याच दिवशी का नाही सांगितलंत? किती गमतीची गोष्ट आहे ती."

"घाबरलो होतो."

"कुणाला?"

कमळाकरनं समोर पाहिलं. गुणाजीराव होते. दुकानदार होते, दोन शिक्षक होते, लहानपणापासून ओळखीचा एक वकील होता. त्याला कुणाचंही नाव घेता येईना. चहा आला आणि लोक उठले. एकानं त्याच्या पाठीवर थाप मारली, "होतं असं कधीकधी, सर." तो कप हातात धरून उभा राहिला. ओरडा झाला असता, कुणी अंगावर आलं असतं, तर निदान त्या भीतीला काही आकार राहिला असता. काहीच झालं नव्हतं. म्हणजे फेब्रुवारीतही कदाचित एवढंच झालं असतं.

मे महिन्यात आरोनसरांना मुंबईला नेणारी जीप दारात उभी राहिली, तेव्हा कमळाकर सामान चढवायला गेला होता. एस्थरबाई शेजारणींच्या गळ्यात पडून रडत होत्या. सर बाजूला, सावलीला उभे होते. त्यानं सभेचं सांगितलं.

"काय म्हणाले लोक?"

"फारसं काय नाय. चहा प्यायले."

सरांनी मान हलवली. म्हणाले, "मलाही वाटायचं, मी हात वर केला असता तर काय काय झालं असतं. आता तू सांगितलंस, काहीच झालं नसतं. बरं झालं नि वाईटही झालं."

"सर, त्यात तुमचा काही दोष नाही."

"ते माझं मला बघू दे," सर म्हणाले, पण त्याचा दंड धरून म्हणाले, आणि जीपमध्ये चढेपर्यंत तो सोडला नाही.

जीप पुलावरून गेली. कमळाकर बापाच्या घरी जाऊन बसला. बापानं पाणी दिलं.

जूनमध्ये निकाल लागला. नसीम मुकादम चांगल्या मार्कांनी पास झाली होती. तिचं नाव बोर्डावर लागलं, पण ती कॉलेजात आली नाही, निकाल तिच्या मामानं येऊन बघितला. कमळाकर तेव्हा बोर्डापाशीच होता. पुढं होऊन काही बोलावं असं त्याला वाटलं. त्या माणसानं त्याला ओळखलं, सभ्यपणे नमस्कार केला आणि गेला.

मध्ययुगाचा तो पेपर त्याच्याकडेच राहिला. नव्या वर्गाला तो दरवर्षी अथेन्स, बगदाद, कॉर्डोबा, कैरो, पॅरिस असं सगळं सांगायचा, काही न गाळता. फक्त काझीपाशी आला की पूर्वीसारखा रंगायचा नाही. समोर बघून सरळ सांगायचा, आणि कुणाला काही विचारायचं आहे का म्हणून थांबायचा.